तोंड आधी, आवाज मागून

मी आवाजाचं काम करते असं सांगितलं की लोकांना वाटतं मी गाते. मी गायला लागले तर भिवंडीतल्या आमच्या कामतघरची कुत्री तलावाच्या पलीकडे राहायला जातील. माझं काम यंत्राच्या पोटातलं. एका बाजूला आवाज तयार करणारा प्रोग्रॅम असतो, दुसऱ्या बाजूला तो कानात वाजवणारी चिप असते, आणि या दोघांच्या मधे निरोप पोचवणारं जे सॉफ्टवेअर असतं त्याला ड्रायव्हर म्हणतात. ते मी लिहिते. नीट चाललं तर ते आहे हे कुणाच्या गावीही नसतं. बिघडलं की सगळ्यांना माझा नंबर आठवतो.

सध्या मी ज्या यंत्राच्या मागे आहे त्याला कंपनीत एक लांबलचक इंग्रजी नाव आहे. आमच्या घरात त्याला डबी म्हणतात, कारण आई म्हणते. काड्यापेटीहून थोडी मोठी, खिशाला लावायची किंवा टेबलावर समोर ठेवायची. तिच्यातला माइक समोरच्याचं बोलणं पकडतो, आजूबाजूचा गोंगाट गाळून टाकतो आणि उरलेलं मोठं करून वायरीतून कानातल्या बोंडांत सोडतो. ज्या म्हाताऱ्या माणसांना कानामागचं मशीन मानवत नाही त्यांच्यासाठी आहे ती. कंपनी छोटी, ऑफिस ठाण्याला. मी बहुतेक दिवस घरूनच काम करते, पुढच्या खोलीतल्या टेबलावर. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बाबांची खुर्ची असते. हे काम मी साहेबांकडून मागून घेतलं ते त्या खुर्चीसाठी.

बाबांची सगळी उमर लूमवर गेली. ज्याने पॉवरलूमचा कारखाना आतून ऐकला नाही त्याला तो आवाज सांगून कळायचा नाही. बाहेरून नुसती खडखड वाटते आणि तिची सवय होते. आमच्या घराखालीच लूम आहेत, शुक्रवारच्या सुट्टीला ते बंद असले की आम्हालाच घरात चुकल्या-चुकल्यासारखं होतं. आत मात्र तो आवाज कानांपेक्षा दातांत जास्त जाणवतो. तिथे ओरडून उपयोग नसतो, म्हणून तिथली माणसं ओरडतच नाहीत. ओठ हलवतात. आवाज न काढता, तोंडाचा आकार नीट करून, जोडीला हात. कांडी संपत आली, मुकादम येतोय, चहा सांग, गावाहून फोन आला होता, पोरगी पास झाली. निम्मं मराठी, निम्मं हिंदी, आणि सगळं बिनआवाजी. चार लूम पलीकडचा माणूसही बरोबर उत्तर देतो. घरी आल्यावरही बाबांची ती खोड जायची नाही. जेवताना ताटापलीकडून ते नुसते ओठांनी मीठ मागायचे, आणि आई ओठांनीच सांगायची, उठून घ्या.

शाळेत असताना मी त्यांचा डबा घेऊन कारखान्यात जायची. एकदा दोन कामगार असेच लांबून एकमेकांशी बोलत होते. एकाच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हातातला डबा विसरून टक लावून बघत राहिले. बाबांनी माझी हनुवटी धरली आणि मान दुसरीकडे वळवली. बाहेर आल्यावर म्हणाले, "त्यांचं घरचं बोलणं चाललंय. आपून बगायचं नसतं." मला वाटलं, कुणी रडत असेल तर बघू नये असं सांगतायत.

तर असं होतं म्हणून बाबांचे कान नेमके कधी गेले ते आम्हाला समजलंच नाही. समोर बसून बोललं की ते पटकन उत्तर द्यायचे. आई गॅसपाशी पाठमोरी उभी राहून त्यांच्या नावाने बोटं मोडायची आणि ते शांतपणे पेपर वाचत बसायचे, तेव्हा मला वाटायचं, काय सोशिक माणूस आहे हा! मग एकदा मागून आलेल्या रिक्षाचा हॉर्न त्यांना ऐकू आला नाही आणि ते थोडक्यात वाचले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नस गेली आहे, वर्षानुवर्षांचा मार आहे. कानामागचं मशीन आणलं. ते कानात शिट्ट्या मारायचं. थोड्याच दिवसांत ते ड्रॉवरमध्ये सुया-दोऱ्यांच्या शेजारी जाऊन बसलं.

शिट्ट्या परवडल्या, पण पुढचं मला बघवेना. बाबा माणसांत बसणारा माणूस. कारखाना सुटल्यावरही संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यांचा अड्डा असायचा, जुने लूमवाले सगळे. त्यात चाचा असायचे. चाचा म्हणजे बाबा ज्यांच्या कारखान्यात सगळ्यात जास्त वर्षं होते ते मालक, इथलेच, कोकणी मुसलमान. आधी मालक होते, मग दोघांचीही दाढी पांढरी झाली आणि दोस्त झाले. पण टपरीवर चार माणसं चार बाजूंनी बोलतात, कुणाच्या तोंडात पान, कुणाचं तोंड ग्लासात. ओठ कुणाकुणाचे बघणार? लोक हसले की बाबाही हसायचे, जरा उशिरा. मग कुणीतरी विचारायचं, "क्या समझा?" हळूहळू त्यांचं जाणं कमी झालं. चाचा खालून हाक मारायचे, मी खिडकीतून सांगायची, "बाबांना बरं नाही." बाबांना काही झालेलं नसायचं. ते खुर्चीत बसून माझ्या लॅपटॉपच्या मागच्या बाजूकडे बघत असायचे. हा माणूस परत टपरीवर जाऊन बसला पाहिजे, एवढंच मला त्या डबीकडून हवं होतं.

पहिली चालती डबी मी घरी आणली आणि त्यांच्या कानात बोंडं घातली तो दिवस मला आठवतो. आई समोर उभी राहून म्हणाली, "येतंय का काही ऐकू?" बाबांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "तुझा आवाज असा घोगरा कदी झाला गं?" आई त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाही. पण संध्याकाळी ते डबी लावून टपरीवर गेले आणि दिवेलागण झाली तरी परत आले नाहीत, तेव्हा तीच खिडकीत जाऊन उभी राहिली. आल्यावर ते खूप बोलले. कोण गावाला गेला, कुणाच्या नातवाचं लग्न, चाचांची साखर किती वाढली. मग मला म्हणाले, "मधीच टक् करतंय तुझं मशीन. करू दे. लूमवाल्याला टकटक काय नवीन हाय?"

त्यांनी करू दिलं असतं. माझ्या जिवाला मात्र ती टक् लागून राहिली.

ही टक् कुठून येते ते सांगते. आमच्या आईने उमेदीची वर्षं घरी कांड्या भरण्यात घालवली. कांडी म्हणजे धोट्याच्या आतली सुताची बारीक फिरकी. धोटा आडवं सूत घेऊन लूमवर इकडून तिकडे पळत असतो, कांडीवरचं सूत संपत जातं, आणि ते पूर्ण संपायच्या आत लूमवाल्याने भरलेली कांडी घातली नाही तर कापडात दोष येतो. आवाजाचंही तेच आहे. चिपला आवाज सतत लागतो, तिला थांबता येत नाही. म्हणून मधे एक साठा ठेवतात, त्याला बफर म्हणतात. त्यात खण असतात. प्रोग्रॅम एकेक खण भरत जातो, चिप मागून एकेक रिकामा करत जाते, शेवटच्या खणानंतर परत पहिला. चिप न भरलेल्या खणाशी पोचली, किंवा ती वाजवत असलेल्या खणातच आपण नवीन आवाज ओतला, की टक्.

मी ती शोधत होते आणि ती मला चकवत होती. मी ऐकून तपासायचं काम नेहमी शुक्रवारी करायची, खालचे लूम बंद असतात, निवांत असतं. शुक्रवारी डबी अगदी शहाण्या मुलीसारखी वागायची. शनिवारी लूम चालू झाले की टक्, टक्. मी म्हणायची, लूमचाच आवाज माइकमधून येत असेल. भिवंडीत राहणाऱ्या माणसाला कुठल्याही टकटकीचा दोष लूमवर टाकायची सवय असते. मी तेच केलं.

तेवढ्यात साहेबांचा निरोप आला की डबी बघायला बाहेरची माणसं येणार आहेत, टकटक चालायची नाही. मग मी आडवाट धरली. साठाच कितीतरी पट मोठा करून टाकला. आत एवढा आवाज भरून ठेवला की चिप कधी उपाशी राहूच नये. टक् बंद झाली. लूम चालू असोत, प्रेशर कुकर असो, खालून कापडाच्या ताग्यांचा टेम्पो जावो, आवाज दुधासारखा. साहेब खूश, मी त्याहून खूश.

मोठ्या साठ्याची एक किंमत असते. आलेला आवाज लगेच कानात जात नाही, पुढचं सगळं वाजून होईपर्यंत आतच ताटकळतो. हे या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. मी मनाशी म्हटलं, पापणी लवेल एवढा तर उशीर, म्हाताऱ्या माणसाला काय कळणार आहे. हे वाक्य मी मोठ्याने बोलले नाही, पण मनातल्या मनात बोलले हे खरं.

नवी डबी लावून बाबा दोन संध्याकाळी टपरीवर गेले आणि दोन्ही वेळा लवकर परत आले. विचारलं तर म्हणाले, "डोकं दुकतंय." मी आवाज कमी करून दिला. मग म्हणाले, "गोंदळ व्हतो गं." म्हटलं, "टक् होते का?" "न्हाय, टक् न्हाय." "मग खरखर?" "न्हाय." "मग काय होतं, नीट सांगा ना बाबा!" त्यांनी बोंडं काढून तळहातावर घेतली. मग म्हणाले, "समदी माणसं खोटं बोलल्यासारकी वाटतात."

आता यावर इंजिनिअरने काय करायचं? मी बोंडं बदलली. गोंगाट गाळायची चाळणी बारीक केली, मग जाड केली. प्रत्येक वेळी बाबा लावून बघायचे आणि मान हलवायचे. ती मान हलवायला लागली की माझ्या डोक्यात तिडीक जायची. तुमच्यासाठी मरमर मरतेय आणि तुम्हाला नेमकं दुखतं कुठे तेही सांगता येत नाही, असं काहीतरी मी आईपाशी बडबडले. आई म्हणाली, "मला काय सांगतीस? मी तर लग्न झाल्यापासून हेच बोलतीय."

त्याच सुमाराला साहेबांचा व्हिडिओ कॉल आला. बाबा नेहमीसारखे समोरच्या खुर्चीत होते, बोंडं काढून टेबलावर ठेवली होती. साहेबांनी विचारलं, "बाकी सगळ्यांना आवडलंय, तुझे बाबा काय म्हणतायत?" मी म्हटलं, "सर, बाबांच्या कानांचं धरू नका. त्यांच्या कानांत आता काही उरलेलंच नाही. त्यांना काहीही द्या, गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता!" आणि हसले. साहेबही हसले. बापाला ऐकू येत नाही म्हणून बापासमोर बसून मी हे बोलले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी सकाळीच डबी मागून घेतली. संध्याकाळी परत आल्यावर म्हणाले, "आता बेस हाय." मी विचारलं, "गोंधळ?" "न्हाय न्हाय. एकदम बेस." त्यानंतर रोज तेच. कपडे करून, बोंडं कानात घालून संध्याकाळी बाहेर पडायचे, उशिरा परत यायचे, आणि बेस हाय म्हणायचे. मी कंपनीला कळवून टाकलं की बाबांचीही तक्रार मिटली. चाळणीतला शेवटचा बदलच कामाला आला असणार, असं ठरवून मी स्वतःचीच पाठ थोपटली.

मग एकदा संध्याकाळी मी भाजी घेऊन येत होते तर रस्त्यात चाचा भेटले. "बेटी, बाप कुठं हाय तुजा? तब्येत जादा खराब हाय काय?" म्हटलं, "नाही चाचा, रोज तर येतात तुमच्याकडे." चाचा म्हणाले, "कहाँ? मी तर बघितला नाय. मी समजलो बिस्तर पकडलान." रोज संध्याकाळी कपडे करून, बोंडं घालून निघतात, असं मी सांगितलं. मग चाचा म्हणाले, "चल, तलाववर बघू."

बाबा तलावाकाठच्या बाकावर एकटे बसले होते. आम्ही रस्त्याच्या अलीकडे होतो. मधून टेम्पो आणि रिक्षांची रीघ चाललेली, सगळे हॉर्न वाजवतायत, ओलांडायला फट मिळेना. बाबांनी आम्हाला बघितलं. चाचांनी काठी बगलेत धरली, हात उंचावला आणि आवाज न काढता ओठांनी काहीतरी विचारलं. बाबांनी तिकडून ओठांनीच उत्तर दिलं. चाचांनी कपाळावर हात मारला. बाबा हसले. मग चाचा काहीतरी लांबलचक बोलले, बहुतेक एखादी शिवी होती, कारण बाबांनी माझ्याकडे बोट दाखवून त्यांना गप्प केलं. त्या सगळ्या गदारोळात दोघं म्हातारे आरामात गप्पा मारत होते आणि चांगले कान असलेली मी मधे ठोंब्यासारखी उभी होते.

रस्ता ओलांडून मी बाबांजवळ गेले. बोंडं कानांत होती. वायर शर्टाच्या खिशात गेली होती. मी ती हलकेच ओढली. तिचं टोक मोकळंच हातात आलं. खिसा रिकामा होता. डबी त्यांच्या कापडी पिशवीत होती, रुमालात गुंडाळलेली, बंद.

"बंद का ठेवलीय, बाबा?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "पडंल-बिडंल. तुझी कामाची वस्तू हाय."

"मग ही बोंडं कानात कशाला?"

चाचा उगाच काठीने बाकाखालची माती उकरत होते. मग बाबा म्हणाले, "घरातनं निगताना लावलेली असली की तुला बरं वाटतंय ना."

टपरीवर परत जावं म्हणून दिलेल्या वस्तूने माझ्या बापाला टपरीवरून उठवलं होतं, आणि वर मला बरं वाटावं म्हणून तो रोज बोंडं घालून इथे एकटा येऊन बसत होता. चाचांनी त्यांना दंडाला धरून उठवलं. मी दोघांच्या मागून पिशवी घेऊन चालत राहिले आणि चालता चालता बाबा माझ्या तोंडाकडे कसे बघत होते ते मला परत परत दिसत राहिलं. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे.

घरी आल्या आल्या मी आईला समोर बसवलं. बोंडं माझ्या कानांत घातली आणि म्हटलं, "बोल काहीतरी." आई म्हणाली, "काय बोलू? डाळ टाकायचीय मला." तिचे ओठ हलले, आणि ते पुढच्या शब्दावर पोचले तेव्हा मागचा शब्द माझ्या कानात आला. ती गप्प झाली तरी शेवटचा शब्द यायचाच होता. मी तिला आणखी बोलायला सांगितलं. तोंड आधी, आवाज मागून. थोड्या वेळाने मलाही वाटायला लागलं की ही बाई काहीतरी लपवतेय. माझं डोकं भणभणलं. बाबा आयुष्यभर ओठ वाचत आले होते, आणि मी त्यांना प्रत्येक ओठावर मागचाच शब्द ठेवून देत होते. कानांनी ऐकायला जावं तर डोळे आड यायचे, डोळ्यांनी बघावं तर कान. नुसतं बहिरं असणं त्यांना यापेक्षा सोपं होतं. आणि हे मला कळायला हवं होतं. मी ताटापलीकडून ओठांनी मीठ मागणाऱ्या घरात वाढले होते.

डबी परत उघडून बसले. साठा लहान करायचा तर टक् परत येणार, म्हणून आधी तिचं मूळ सापडायला हवं होतं. या वेळी मी लूमला शिव्या न देता लूम चालू असतानाच तपासलं, आणि मग माझीच अक्कल माझ्यासमोर आली. चिप एक खण रिकामा करते तेव्हा ड्रायव्हरला इशारा देते. माझा ड्रायव्हर ते इशारे मोजायचा आणि चिप कुठे पोचली असेल याचा हिशोब करायचा. लूम चालू असले की गोंगाट गाळण्यात डबीची सगळी ताकद जायची. त्या धांदलीत कधीकधी एक इशारा हाताळायच्या आत दुसरा यायचा आणि दोन्ही मिळून एकच मोजला जायचा. माझा हिशोब एका खणाने मागे पडायचा, आणि मी नेमक्या वाजत असलेल्या खणात नवीन आवाज ओतायची. शुक्रवारी गाळायला काही नसायचं, म्हणून शुक्रवारी सगळं आलबेल. चिपला कुठल्याही क्षणी थेट विचारता येतं, बाई, तू आत्ता कुठे आहेस? ते मी कधी विचारलंच नव्हतं, इशाऱ्यांवर भरवसा ठेवून बसले होते. बाबांच्या 'बेस हाय'वर बसले होते तशीच. ते मोजणं काढून टाकलं, थेट विचारणं घातलं, आणि साठा इतका लहान केला की आवाज आत टेकायच्या आत बाहेर पडावा. लूम खाली खडखडत होते आणि टक् येत नव्हती.

साहेबांना सगळं कळवलं, चूक माझी होती हेही कळवलं. डबी बाबांना देताना मात्र मला तोंड वर करवेना. "बघा," एवढंच म्हटलं. त्यांनी वायर स्वतः नीट जोडली आणि पेपर उघडला. मी काही विचारलं नाही. मला आता त्यांचं बेस हाय ऐकायची भीती वाटत होती.

आई गॅसपाशी पाठमोरी उभी होती आणि नेहमीसारखी चालू होती. "बसलेत पेपर घेऊन. घरात मीठ न्हाय, साखर न्हाय, हे देश चालवणार."

बाबांनी पेपर खाली न घेता म्हटलं, "देश ऱ्हाऊ दे. तुझी डाळ लागतीय खाली, ती बघ."

आई डाव हातात घेऊन वळली. "अगं बया," ती माझ्याकडे बघून म्हणाली, "यांना ऐकू आलं!" आणि मग तिचा चेहरा पडला, कारण आता कुठेही तोंड करून बोलायची सोय राहिली नव्हती. मला हसू आलं आणि रडूही आलं. डाळ खरंच लागली होती, आम्ही ती तशीच खाल्ली.

बाबा टपरीवर जायला लागले. चाचा आता खालून हाक मारतात आणि बाबा इकडून ओरडतात, "आलो, आलो, गाव गोळा करू नको." इथवर सगळं गोड झालं होतं आणि मी स्वतःला माफही करून टाकलं असतं.

परवा साहेबांचा कॉल आला. बाबा समोर खुर्चीत होते, बोंडं कानांत होती पण डबी बंद करून त्यांनी बाजूला ठेवली होती. साहेबांनी विचारलं, "बाबा काय म्हणतात?" मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा उठले, खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. कॉल संपेपर्यंत ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. कॉल संपल्यावर मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी डबी चालू करून खिशात ठेवली.

"खुर्ची का फिरवलीत, बाबा?"

"तुझं हापिसचं बोलणं चाललं व्हतं. आपून बगायचं नसतं."

त्यांच्या बोटांत धरलेली माझी हनुवटी मला आठवली. रडणाऱ्या माणसाबद्दल सांगत नव्हते ते. कारखान्यात सगळ्यांचं बोलणं सगळ्यांना दिसायचं, म्हणून दुसऱ्याचं बोलणं चालू असलं की तिथली माणसं मान वळवायची. ती तिथली रीत होती.

"मागं एकदा मी बगितलं," बाबा म्हणाले. "असाच समोर बसलो व्हतो. मान फिरवायला पायजे व्हती, न्हाय फिरवली. तुझं बोलणं तुझ्या सायबाशी व्हतं. माझी चूक झाली ती."

ते माझी माफी मागत होते. कुठला दिवस ते मला विचारावं लागलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळं बेस का झालं, तेही विचारावं लागलं नाही.

"काय बघितलंत?" माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

"समदं न्हाय दिसलं," ते घाईने म्हणाले. "माझ्या कानाचं धरू नका, तेवडंच. पुडं तू हसलीस, मग काय दिसतंय. हसताना तोंड नीट दिसत न्हाय."

पण मी आधी हसले नव्हते. ती म्हण पूर्ण बोलून झाल्यावर हसले होते.

मी त्यांच्यापुढे खाली बसले. बोलायला गेले. नुसते ओठ हलले. चुकलं, बाबा. कारखान्यात बोलतात तसं, बिनआवाजी. त्यांना ते दिसलं असणारच. त्यांनी खिशातली डबी काढून माझ्या तोंडाजवळ धरली.

"आवाज काडून बोल," ते म्हणाले. "आता ऐकू येतंय मला."

मग मी ते मोठ्याने बोलले. पहिल्यांदा नीट निघालं नाही म्हणून पुन्हा बोलले, आणि आत आईच्या हातातली भांडी वाजायची थांबली.